‘ड्रेस्डेन फाइल्स’ वाचताना क्रम इथे सांभाळा

शिकागोतल्या जादूगार-गुप्तहेराची जिम बुचर यांची ही मालिका २००० साली ‘स्टॉर्म फ्रंट’ने सुरू झाली. पहिली दोन पुस्तकं बरीचशी सुटी प्रकरणं आहेत, थोडी कच्चीही. दुसरं रेंगाळलं तर खुशाल नंतर वाचा, पण तिसरं, ‘ग्रेव्ह पेरिल’, गाळू नका. पुढे कित्येक पुस्तकं पेटत राहणाऱ्या व्हॅम्पायर-युद्धाची ठिणगी त्यातल्या मेजवानीत पडते.

खरी गफलत होते ती बाराव्या ‘चेंजेस’पाशी. ‘साइड जॉब्ज’ हा कथासंग्रह आधी अख्खा वाचला, तर त्यातली शेवटची कथा ‘आफ्टरमॅथ’ त्या कादंबरीचा शेवटच फोडते. नायकाची पोलीस मैत्रीण मर्फी हिच्या तोंडून येणारी ही कथा ‘चेंजेस’ संपल्यावर तासाभराच्या आत सुरू होते. म्हणून ‘चेंजेस’, लगेच ‘आफ्टरमॅथ’, मगच तेरावं, ‘घोस्ट स्टोरी’. बाकीच्या कथांसाठी डोकं खाजवायला नको. प्रत्येकीच्या आरंभी ती कधी घडते ते छापलेलं आहे.

‘पीस टॉक्स’ आणि ‘बॅटल ग्राउंड’ (दोन्ही २०२०) मुळात एकाच कादंबरीचे दोन तुकडे. दुसरं हाताशी असल्याशिवाय पहिलं उघडू नका, ऐन रंगात येताच तुटतं.