मधुमेह आणि रूट कॅनाल: या चुका टाळा

रूट कॅनाल, म्हणजे दाताच्या मुळातली खराब नस काढून ती पोकळी भरणं, म्हटलं की काही जण सकाळपासून उपाशी राहतात. कशासाठी? इंजेक्शन फक्त हिरडीत देतात, पूर्ण भूल नसते. मधुमेह असलेल्यांनी तर हे मुळीच करू नये. गोळी किंवा इन्सुलिन नेहमीसारखं घेतलं, नाश्ता टाळला, तासभर खुर्चीत गेला आणि पुढचे दोन-तीन तास ओठ बधिर, म्हणजे जेवणही लांबलं. साखर उतरायला एवढं पुरतं. घाम, थरथर, धडधड सुरू झाली की ‘घाबरलेत’ असं समजून सोडून देऊ नका, लगेच ग्लुकोमीटर लावायला सांगा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं. नाश्ता करून सकाळची वेळ घेतलेली सगळ्यात बरी.

दुसरी चूक ‘आधी साखर आटोक्यात येऊ दे, मग बघू’ ही. दाढेखाली पू असेल तर थांबण्यात तोटाच. जंतुसंसर्गानेच साखर वाढते. एचबीए१सीचा (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा) रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची यादी घेऊन जा, किती घाई करायची ते डॉक्टर ठरवतील.

सगळ्यात महागात पडते ती मात्र वेगळीच चूक. पहिल्या सिटिंगला ठणका थांबतो आणि माणूस पुन्हा फिरकत नाही. आत भरलेलं सिमेंट तात्पुरतं असतं. ते झिजलं की लाळेबरोबर जंतू परत मुळापर्यंत पोचतात. दुखणं थांबलं तरी मुळाच्या टोकाशी झिजलेलं हाड भरून आलेलं नसतं. साखर जास्त राहिली की पांढऱ्या पेशींची ताकद कमी पडते, बारीक रक्तवाहिन्यांतला पुरवठाही मंदावतो, त्यामुळे हे हाड भरून येणं रेंगाळतं. सहा महिन्यांनी एक्स-रेत काळा डाग, म्हणजे हाड झिजलेली जागा, दिसला म्हणजे रूट कॅनाल फसलं असं नाही. जुन्या फिल्मशी ताडून तो लहान होतोय का ते बघायचं, कधीकधी वर्षाहून जास्त लागतं. म्हणून जुनी फिल्म जपून ठेवा. कॅपही लांबवू नका, पोकळ दाढ चावताना तडकते.

मेडिकलमधून आणलेल्या अँटिबायोटिकवर दिवस काढणंही व्यर्थ. मेलेल्या नसेत रक्तच जात नाही, औषध पोचणार कुठून? किडनीचा त्रास असेल तर डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन अशा दुखण्याच्या गोळ्या मनाने घेऊ नका.

गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळताना अडकू लागलं, तर पुढच्या सिटिंगची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.