प्रोफाइलरमध्ये फंक्शनच्या नावांऐवजी नुसते पत्ते दिसत असतील तर

महापे-ऐरोलीच्या कार्यालयांत अनेकदा बिल्ड (कोडपासून प्रोग्रॅम तयार करण्याचे काम) एका सर्व्हरवर होतो, प्रोग्रॅम दुसरीकडे चालतो आणि लिनक्सवरील ‘पर्फ’ या प्रोफाइलरच्या (प्रोग्रॅमचा वेळ कुठे जातो ते दाखवणाऱ्या साधनाच्या) अहवालात फंक्शनच्या नावांऐवजी मेमरीतील हेक्साडेसिमल (सोळा-आधारी अंकांतले) पत्ते उमटतात, कारण ‘स्ट्रिप’ या साधनाने सिम्बॉल (फंक्शनची नावे आणि पत्ते यांची यादी) काढून टाकलेले असतात.

१. जीसीसी या कंपायलरला ‘-ओ२’ (वेगासाठी ऑप्टिमायझेशन) सोबत ‘-जी’ (डीबग माहिती, म्हणजे फंक्शनची नावे व ओळ क्रमांक, जोडणे) हा पर्यायही द्यावा; त्याने फाइल फुगते, वेग घटत नाही.
२. स्ट्रिप करण्यापूर्वी ‘ऑब्जकॉपी’ या साधनाने ही डीबग माहिती वेगळ्या फाइलीत काढून जपावी.
३. अहवाल वाचण्याआधी प्रोग्रॅम आणि डीबग माहिती या दोन्ही फाइलींचे बिल्ड-आयडी (प्रत्येक बिल्डची ओळखखूण) ‘रीडएल्फ’ या साधनाने ताडून पाहावेत, ते जुळत नसतील, तर ती डीबग फाइल कामाची नाही. बहुतेकांचे घोडे इथेच अडते.

मात्र ऑप्टिमायझेशनमध्ये फंक्शने एकमेकांत मिसळतात आणि प्रोसेसरला दिलेल्या सूचनांचा क्रम बदलतो, त्यामुळे अहवालातील ओळ क्रमांकावर विसंबून कोड बदलू नये. आधी त्या जागेचे असेंब्ली (प्रोसेसरच्या सूचनांचे वाचनीय रूप) वाचावे.