हाताने बनवलेला सुगंधी साबण घेताय?

सांगली म्हणजे हळदीचं गाव, त्यामुळे इथे बचत गटाच्या स्टॉलवर हळदीचा साबण असतोच. शेजारी वाळा, गुलाब, कडुनिंब. जरूर घ्या, पण वासाला भुलण्याआधी वडी कधी बनवली ते विचारा. तेल आणि कॉस्टिक सोडा वापरून थंड पद्धतीने केलेला साबण साधारण ४ ते ६ आठवडे वाळवावा लागतो. कच्ची वडी मऊ राहते आणि भराभर झिजते. हळदीची वडी पिवळीधमक नसून तांबूस दिसली तर शंका नको. साबणातल्या अल्कलीमुळे हळद लालसर होते, कुंकवासारखी.

पहिल्याच दिवशी अंगभर लावू नका. कोपराच्या आतल्या बाजूला फेस लावून धुवा आणि २४ तास वाट बघा. नैसर्गिक सुगंधी तेलांनीही खाज सुटू शकते. तान्ह्या बाळाला सुगंधी साबण नकोच.

बोअरच्या जड पाण्यात फेस कमी येतो आणि अंगावर चिकट थर राहतो. पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम साबणाशी मिळून तो साका होतो. तेव्हा शेवटचे दोन-तीन तांबे नळाच्या पाण्याचे घ्या, फरक लगेच कळतो.

या साबणात ग्लिसरीन तसंच राहतं, ते ओलावा ओढतं. म्हणून साबणदाणी जाळीचीच हवी. मी तर वडीचे सुरीने दोन तुकडे करते. एक न्हाणीत, दुसरा कागदात गुंडाळून कपाटात, साड्यांच्या घड्यांमध्ये.