चायना ग्रासमधला हिस्टेरेसिस घरच्या घरी कसा बघायचा

हिस्टेरेसिस म्हणजे एखाद्या वस्तूची अवस्था आत्ताच्या परिस्थितीवरच नाही, तर ती तिथे कुठल्या वाटेने आली यावरही ठरणं; म्हणून जाताना आणि येतानाच्या रेघा वेगळ्या पडून आलेखात लूप तयार होतो. हिस्टेरेसिस म्हटलं की सगळ्यांना लोखंड आणि चुंबकाचा तो लूप आठवतो, पण जैविक रेणूंमध्येही तो असतो आणि बघायला लॅब लागत नाही. चायना ग्रास म्हणजे अगर-अगर, लाल समुद्री शेवाळातून निघणारा, किराणा दुकानात मिळतो. सोबत एक प्रोबवाला डिजिटल थर्मामीटर हवा, तो मात्र बरा घ्या, सगळा खेळ त्याच्यावरच आहे.

२०० मिली पाण्यात ३ ग्रॅम पावडर टाका (पट्ट्या असतील तर आधी भिजवून बारीक कापा) आणि चांगली उकळी येऊन पाणी एकसारखं दिसेपर्यंत ढवळत रहा. लिंबू वगैरे अजिबात नको, आंबटात उकळलं की अगरच्या साखळ्या तुटतात आणि मग जेली धरतच नाही. साखरही नको, आपण खरवस करत नाहीये. दोन स्टीलच्या वाट्यांत ओता, झाकण ठेवा.

आता थंड होऊ द्या आणि दर दोन-तीन डिग्रीला वाटी हळूच तिरकी करून बघा, चमचा घालू नका कारण धरत असलेली जेली मोडते. ८० ला पातळ, ६० ला पातळ, ५० लाही पातळच, आणि साधारण ३५-४० च्या आसपास कुठेतरी धरते. तो आकडा लिहा. मग वाटी पाण्याच्या पातेल्यात ठेवून मंद गॅसवर तापवा, थर्मामीटर जेलीच्या मधोमध, पातेल्यातल्या पाण्यात नाही. ४० ला वितळेल असं वाटतं ना? नाही वितळत. ६० ला नाही, ७० ला नाही, ८५ च्या आसपास जाऊन सुटते. गॅस घाई करून मोठा ठेवलात तर आकडा उगाच वर दिसेल, म्हणून मंदच.

खरी मजा पुढे आहे. एक वाटी उकळून पातळ करा, दुसरी धरलेलीच राहू द्या, आणि दोन्ही ६० डिग्रीच्या एकाच पातेल्यात ठेवा. माल तोच, तापमान तेच, तरी एक पातळ आणि एक घट्ट, आणि तासभर थांबलात तरी तसंच. म्हणजे थर्मामीटर मागे पडला म्हणून असं दिसतं, ही शंका इथे मिटते. ६० ला काय दिसणार हे वाटी वरून खाली आली की खालून वर गेली यावर ठरतं.

कारण असं की थंड होताना साखळ्या जोडीजोडीने पिळल्या जातात आणि मग असे बरेच पीळ एकत्र येऊन जाड जुड्या बनतात, सुतळ्यांचा दोरखंड व्हावा तशा. ६० ला सुटी जोडी टिकत नाही म्हणून पातळ माल धरायला सुरुवातच करू शकत नाही, पण एकदा जुडी झाली की तीच ६० ला आरामात टिकते, कारण सगळी जुडी एकदम उसवावी लागते. पातळ माल अडकून बसतो ती झाली मेटास्टेबल अवस्था, म्हणजे खरी स्थिर नसूनही टिकून राहणारी.

मायक्रोबायोलॉजीवाले (जंतूंचा अभ्यास करणारे) जंतू वाढवायला रोज हेच वापरतात, वितळवलेला अगर ४५-५० डिग्रीच्या वॉटर बाथमध्ये पातळ ठेवतात, प्लेट ओतली की धरते आणि ३७ च्या इनक्युबेटरमध्ये वितळत नाही. १८८१ च्या सुमारास जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखच्या लॅबमधल्या वाल्थर हेसेंना जंतू वाढवायला घेतलेलं जिलेटिन वितळतंय म्हणून वैताग आला होता, तेव्हा अगर सुचवला त्यांच्या पत्नी फॅनी हेसेंनी, त्या घरी जेलीसाठी तोच वापरायच्या. आरएनएच्या (डीएनएसारख्या साखळी-रेणूच्या) पीळांमधला असाच लूप आहारोन काचाल्स्की आणि एबरहार्ड नॉयमान या शास्त्रज्ञांनी अभ्यासला, तिथे तापमानाऐवजी आम्ल कमी-जास्त करून.

लूप कागदावर काढायचा असेल तर आडव्या अक्षावर तापमान, उभ्यावर नुसतं पातळ किंवा घट्ट, आणि जातानाची-येतानाची रेघ वेगळ्या रंगात. वेळ असेल तर जिलेटिनचाही काढा, पण त्याला फ्रिज लागेल, त्याचा लूप बराच अरुंद येतो आणि मे महिन्यात नागपूरला असाल तर ते टेबलावरच वितळेल.