कापसाचा भाव, कलम २० आणि माझी पीएचडी

दरवर्षी ॲडमिशनच्या टायमाला आपल्या खान्देशातल्या चार-दोन पोरापोरींचे फोन येतात, सर इंटरनॅशनल ट्रेड आणि ह्युमन राइट्समध्ये काम करायचंय, सुरुवात कुठून करू? म्हटलं एकदाच लिहून टाकावं.

मी अमळनेर तालुक्यातला, घरी कोरडवाहू कपाशी. दिवाळीच्या सुट्टीत कमरेला ओटी बांधून वेचणीला जायचो. सुकलेल्या बोंडाची टोकं नखांच्या कडेला घुसतात, दिवसभर काही वाटत नाही, रात्री ठेच्याला बोट लागलं की कुठे कुठे चिरलंय ते कळतं. माझ्या ओळीत वेचणारी दोन पोरं शाळेत कधी गेलीच नाहीत, आणि त्याचं तेव्हा कुणालाच काही वाटत नव्हतं, मलाही नाही. एलएलएमला निघालो तेव्हा आबांनी एकच विचारलं, "आपला कापूसना भाव कोन ठरावस, ते शिकाडतस का तठे?" पीएचडीचा विषय तिथेच ठरला म्हणा ना, गाईडला पटायला वर्ष गेलं ते सोडा.

माझी मोठी चूक म्हणजे पहिले सहा महिने नुसती थिअरी वाचली, डोक्यात काही शिरलं नाही. मग डीएस २६७ उघडली, ब्राझीलने २००२ मध्ये डब्ल्यूटीओत, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेत, अमेरिकेवर टाकलेली कापसाची केस. अमेरिका तिकडच्या शेतकऱ्यांना सबसिडी देते आणि जगभर भाव दबतो, हे ब्राझीलने आकडे मांडून दाखवलं, केस जिंकली, शेवटी २०१४ मध्ये अमेरिकेने ३० कोटी डॉलर देऊन मिटवलं. आणि बेनिन, बुर्किना फासो, चाड, माली हे २००३ पासून कापसाच्या सबसिडीवरच बोलतायत, पण वाटाघाटींमध्ये. हे वाचलं तेव्हा आबांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर सापडल्यासारखं झालं.

म्हणून सांगतो, केसेस वाचा. रिपोर्ट डब्ल्यूटीओच्या साइटवर फुकट आहेत, शेकडो पानं बघून घाबरायचं नाही, आधी शेवटचा निष्कर्ष वाचायचा, मग भांडण ज्या कलमावरून आहे तेवढाच भाग, बाकी लागेल तसं.

आणि १९४७ च्या गॅटचं, म्हणजे देशादेशांतल्या व्यापाराच्या कराराचं, कलम २० पाठच करून टाका, नियमांना अपवाद कुठे चालतो ते त्यात आहे. कैद्यांकडून बनवून घेतलेला माल अडवता येतो असं त्यात सरळ लिहिलंय, बालमजुरीचं नावही नाही. 'पब्लिक मॉरल्स' मात्र आहे, आणि सील ह्या समुद्री प्राण्याच्या मालावर युरोपने घातलेल्या बंदीच्या २०१४ च्या केसमध्ये सील मारण्याची पद्धत हा मुद्दा त्यात बसतो हे मान्य झालं (बंदी ज्या पद्धतीने लावली त्यात युरोप अडकला, ती वेगळी गोष्ट). मग पोरांनी वेचलेला कापूस का नाही बसणार? १९९६ ला डब्ल्यूटीओच्या सिंगापूरच्या बैठकीत कामगारांचा विषय आयएलओकडे, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेकडे ढकलला, भारतालाही तेच हवं होतं, कारण श्रीमंत देशांच्या माणुसकीआड आपला माल अडवायचा डाव असतो अशी आपल्याला शंका, आणि ती खोटी नाही. दिल्लीच्या एका सेमिनारला मी तावातावाने बोललो की असल्या कापसावर बंदीच घाला. चहाला एक सिनियर मॅडम शांतपणे म्हणाल्या, बंदी आली तर पहिला भाव कुणाचा पडेल? माझ्या डोळ्यासमोर आबाच आले. थिसिसचं चौथं चॅप्टर त्यानंतर तीनदा लिहिलं, अजूनही मनासारखं नाही झालं.

नोकरीचं आता, गोड बोलत नाही. लॉवाले म्हणतात हे इकॉनॉमिक्स, इकॉनॉमिक्सवाले म्हणतात हे लॉ, एका इंटरव्ह्यूला तर "तुमचा नेमका विषय कोणता" ह्यातच वीस मिनिटं गेली. तीन वर्षं सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवत काढली, तासावर पैसे आणि तेही कधी येतील त्याचा नेम नाही. त्यामुळे नेट, म्हणजे प्राध्यापकीसाठीची परीक्षा, लॉ विषयातून द्या, ह्युमन राइट्स अँड ड्युटीज असा वेगळा पेपर आहे पण त्याच्या जागा शोधत बसावं लागतं. त्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, निघाली तर सुरुवातीला महिन्याला ३७ हजार, घरी हात पसरावा लागत नाही. आणि थोडं स्टॅटिस्टिक्स शिकून घ्या, मी घाबरून टाळलं आणि ब्राझीलचे आकडे समजायला दुसऱ्याचे पाय धरले.

फोन करा, बिनधास्त करा, फक्त कलम २० वाचून करा, पहिला प्रश्न मीच विचारणार आहे.