तीच जोडी पुन्हा लावताय? या चुका टाळा

'मागच्या वेळी काय पिल्लं झाली होती! तीच जोडी परत लावू, डोळे मिटून तशीच होतील.' मुंबईत वीस वर्षं लॅब्रॅडॉर पाळतोय, हे वाक्य दर पावसाळ्यात एकदा तरी कानावर पडतं. अहो, तुमच्याच घरात दोन सख्खे भाऊ सारखे निघाले का?

कुत्र्याच्या गुणसूत्रांच्या ३९ जोड्या. प्रत्येक जोडीतलं एकच पिल्लाकडे जातं, आणि ते कोणतं हे प्रत्येक पिल्लासाठी नव्याने ठरतं. नुसत्या या वाटणीने एका मादीकडून पडू शकणारे प्रकार ५४ हजार कोटींच्या वर जातात, नराचे तेवढेच वेगळे. जोडी तीच असली तरी पत्ते दर वेळी नव्याने पिसले जातात. गड्डी तेवढी तीच.

हे मी शिकलो ते नाक कापून घेऊन. भांडुपला राहायचो तेव्हाची गोष्ट. माझी राणी काळी, मित्राचा ब्रुनोही काळा. पहिल्या वेळी सात पिल्लं, सातही काळी कुळकुळीत. त्यातलं एक मुलुंडच्या एका काकांच्या शेजाऱ्याकडे गेलं आणि काका त्याच्या प्रेमातच पडले. 'पुढच्या वेळी मला अगदी अस्संच.' मीही शहाणा, हो म्हणालो आणि वर अॅडव्हान्स घेतला. दुसऱ्या वेळी सहा पिल्लं झाली, त्यांत दोन पिवळी! काका आले, खोक्यात डोकावले आणि सोसायटीच्या जिन्यातच ओरडले, 'ही ब्रुनोची नाहीत. दुसराच कुत्रा आला असणार.'

कुत्र्यांत एकाच वेळी दोन बापांची पिल्लं होऊ शकतात, त्यामुळे काकांचा संशय अगदीच वेडगळ नव्हता. पण लॅबचा पिवळा रंग आई आणि बाप दोघांकडून आल्याशिवाय दिसत नाही. म्हणजे बाप कोणीही असो, राणीत पिवळा रंग लपलेला होताच. ब्रुनोच्या मालकाने मग मोबाइलमधला जुना फोटो काढला. ब्रुनोची आई पिवळीधमक! जोडी लावताना मी कधी विचारलंच नव्हतं. अशा जोडीचं प्रत्येक पिल्लू पिवळं निघण्याची शक्यता चारात एक. तरी सातही काळी निघणं शंभरात तेरा वेळा घडतं. माझ्या बाबतीत ते पहिल्याच वेळी घडलं आणि मी त्याला माझी हुशारी समजलो. काकांचे पैसे परत केले, ते वेगळंच.

रंगाचं ठीक आहे हो, पिवळं पिल्लूही गोडच. पण लॅबमध्ये हळूहळू आंधळं करणारा डोळ्यांचा एक आनुवंशिक आजार आहे, तोही असाच दोन्हीकडून आला तरच दिसतो. पहिली पिल्लं धडधाकट निघाली म्हणून आईबाप 'क्लिअर', म्हणजे त्या आजाराचा दोष अंगात नसलेले, ठरत नाहीत. डीएनए टेस्ट करा. महाग वाटत असेल तर पिल्लं काढू नका.

एका 'हिरो' पिल्लावरून जोडी जोखणं ही दुसरी चूक, आणि माझा सगळ्यात जास्त राग हिच्यावर. सातातलं एक देखणं निघालं की त्याचेच फोटो फिरतात. बाकी सहांचं काय झालं? मी वही ठेवतो. प्रत्येक घरी तीन महिन्यांनी, वर्षाने आणि दोन वर्षांनी फोन. फोटो मागत नाही. मागून काढलेला चालतानाचा व्हिडिओ मागतो. फटाक्यांना घाबरतो का, कान सारखे खाजवतो का, जिना चढताना थांबतो का, एवढंच विचारतो. दोन वर्षांचे झाले की जमतील तेवढ्यांच्या कमरेच्या सांध्यांचे एक्स-रे. सातांपैकी पाच बरे असतील तर जोडी परत लावण्यात अर्थ आहे. तशी जोडी मीही लावलीय. पण तेव्हाही पहिल्यापेक्षा थोडी साधी पिल्लं धरून चालायचं, कारण पहिल्या वेळच्या कौतुकात नशिबाचाही वाटा असतो.

लोकांना मात्र पुढच्याच माजाला घाई. मागची पिल्लं तेव्हा जेमतेम चार महिन्यांची असतात, त्यांच्यावरून काय कळणार? आईचं अंगही भरलेलं नसतं.

माजाचे दिवस मोजून 'अकराव्याला नेऊ' करू नका, जोडी लावायचा नेमका दिवस कळायला प्रोजेस्टेरॉन या हार्मोनची रक्ततपासणी करा. ब्रुसेलाची (जोडी लावताना पसरणारा, गर्भ पाडणारा जंतू) टेस्ट दर वेळी, नर ओळखीचा असला तरी. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही आणि मादीची पाचाहून जास्त बाळंतपणं नाहीत, हा २०१७चा नियमच आहे.

आणि फरशी! राणीची पहिली पिल्लं डिसेंबरात गोणपाटावर वाढली. दुसरी जुलैत, गोणपाट वाळेना म्हणून मी गुळगुळीत टाइल्सवर पेपर अंथरले. पिल्लं महिनाभर घसरत होती, पाय फाकत होते. त्याचा दोष मी कितीतरी दिवस ब्रुनोला देत होतो.

परवाच एकाचा फोन. 'दादा, तीच जोडी परत लावायची आहे.' म्हटलं, मागची पिल्लं केवढी झाली? 'अडीच महिन्यांची.' म्हटलं, दोन वर्षांची होऊ देत, मग बोलू. त्याने फोन ठेवून दिला.