ॲप स्टोअरविरुद्ध स्पर्धा आयोगात जायचंय? आधी एवढं जमवा

तुमचं ॲप आहे, स्टोअर म्हणतंय पेमेंट आमच्याच बिलिंगमधून घ्या आणि 15 नाहीतर 30 टक्के द्या, म्हणून तुम्ही भारतीय स्पर्धा आयोगाकडे जायचं ठरवलंय. जरूर जा. पण आमची फाईल मागे ज्यावर अडकली ते आधी करा: नियमाचं जुनं पान सेव्ह करा.

स्टोअरचे नियम ऑनलाइन असतात, बदलत राहतात, आणि तुम्ही ज्या दिवशी ओके दाबलं त्या दिवशी नियम काय होता हे तुम्हालाच दाखवावं लागतं, आज साईटवर काय दिसतंय त्याचा काही उपयोग नाही. त्यामुळे वकील गाठायच्याही आधी डेव्हलपर करार, पेमेंट पॉलिसी, फीचं पान, सगळ्याची तारखेसकट पीडीएफ काढा. कन्सोलमधले (म्हणजे स्टोअरवरच्या तुमच्या डेव्हलपर अकाउंटच्या पानावरचे) पेआउट रिपोर्ट, रिजेक्शनचे मेसेज, सपोर्टशी झालेले मेल पण उतरवून घ्या, कारण अकाउंट बंद झालं की कन्सोलही गेलं. 1 मार्च 2024 ला गूगलने फीच्या वादात शादी, नोकरी, भारत मॅट्रिमोनी अशी मोठी ॲप प्ले स्टोअरवरून काढली होती, ती परत यायला सरकारला मध्ये पडावं लागलं. छोट्या डेव्हलपरसाठी कोण धावणार? म्हणून तक्रार करायच्या आधी सेव्ह करा, नंतर नाही. सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, डिजिटल पुराव्यासाठीचं सर्टिफिकेट लावा, त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईलचा डिजिटल ठसा, लागते.

मग प्ले बिलिंगवरचा, म्हणजे प्ले स्टोअरच्या पेमेंट व्यवस्थेवरचा, आयोगाचा ऑक्टोबर 2022 चा आदेश वाचा, पूर्ण वाचा, बातमी नाही. अँड्रॉइडवरच्या ॲप स्टोअरचं भारतातलं मार्केट हे वेगळं मार्केट धरून आयोगाने गूगलला 936.44 कोटींचा दंड केला, तुमचं मार्केट, म्हणजे स्टोअर नेमकं कुठल्या बाजारात वरचढ आहे ते, मांडायला तोच साचा बघा. मोठं असणं हा गुन्हा नाही, स्पर्धा कायद्याचं कलम 4 त्या ताकदीच्या गैरवापराबद्दल आहे, त्यामुळे 'फी जास्त आहे' एवढं लिहून काही होत नाही. कुठली अट, कोणावर, आणि स्टोअरवाल्याच्या स्वतःच्या ॲपला तीच लागते का, हे लिहा. मार्च 2025 मध्ये अपिलात तो दंड 216.69 कोटींवर आला आणि काही निष्कर्ष टिकले नाहीत, तोही निकाल वाचा, समोरचे वकील त्यातूनच बोलणार. आणि या कायद्याच्या 2023 च्या दुरुस्तीनंतर तीच गोष्ट आधी निकालात निघाली असेल तर आयोग चौकशी नाकारू शकतो, म्हणून तुमचं वेगळं काय ते पहिल्या पानावर हवं.

त्याच दुरुस्तीने तक्रार करायला तीन वर्षांची मुदत आली. मुदत मोजायला तारीख लागते, तारीख कुठून येणार, त्या जुन्या पानावरूनच! अजून सेव्ह केलं नसेल तर वाचणं थांबवा आणि आधी ते करा.

नाव किंवा आकडे गुप्त ठेवायचे असतील तर तशी विनंती कारणांसकट आणि जाहीर प्रत वेगळी. ॲप काढतील अशी भीती असेल तर कलम 33 खाली अंतरिम आदेश मागा. फी, सह्या, व्हेरिफिकेशन, ते वकील बघेल.

दंड सरकारजमा होतो, तुम्हाला त्यातला पैसा मिळत नाही. भरपाईसाठी नंतर अपील न्यायाधिकरणात कलम 53एन खाली वेगळा अर्ज, त्यासाठी नुकसानीचा महिन्यावार हिशेब सीएकडून आत्ताच करून घ्या.